पहिल्या पन्नास तासांचं तेल

माझा स्वभाव मुळातच धास्तीचा. चुलीवर दूध ठेवलं की ते उतू जाईल याची काळजी, आणि नाही गेलं तर नासलं की काय याची काळजी. अशा बाईच्या हाती नव्या डिझेल इंजिनाचं माहितीपुस्तक देण्याचा निर्णय माझ्या नवऱ्यानं घेतला. त्याचे परिणाम मात्र त्यानं पाहिले नाहीत, कारण तो आठवडाभर जवाहरनगरला कारखान्यात असायचा. शनिवारी रात्री एकोडीला यायचा आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत जायचा. क्वार्टर मिळेपर्यंत मी सासरीच राहायचं असं ठरलं होतं. लग्नाला जेमतेम पाच महिने झाले होते. ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं.

इंजिन आलं ते रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटोपल्यावर. आमच्या शेताला लागून एक बोडी होती, म्हणजे लहानसं तळं. तिच्या काठच्या पाळीवर सिमेंटचा चौथरा करून त्यावर ते बसवलं. गावात त्या बाजूला पहिलंच इंजिन. पाणी ओढायला लागलं की माणसं हातातली कामं टाकून पाहायला यायची, आणि दोन-चार जण हमखास सल्ले देऊन जायची.

पहिल्याच रविवारी नवऱ्यानं मला सगळं समजावलं. नव्या इंजिनाचे भाग अजून एकमेकांना सरावलेले नसतात. ते घासले जातात, लोखंडाची बारीक पूड निघते आणि खालच्या तेलात उतरते. म्हणून पहिलं तेल पन्नास तास झाले की सगळं काढून टाकायचं आणि नवं भरायचं. दिसायला कितीही चांगलं दिसो. मधल्या काळात रोज सळई बुडवून पातळी पाहायची, आणि झाकण उघडलं तर धुळीचा कणसुद्धा आत जाता कामा नये. इतकं सांगून त्यानं नव्या तेलाचा डबा देवघराच्या फळीखाली ठेवला आणि तो गेला. तो नसताना घरात वाचता येणारी मी एकटी. मॅट्रिक झाले होते, आणि त्याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

अडचण अशी होती की सासऱ्यांशी, म्हणजे मामाजींशी, मी बोलत नव्हते. भांडण नव्हतं. तशी रीतच होती. सुनेनं सासऱ्यासमोर यायचं नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. मामाजी ओसरीवर बसायचे, मी आतल्या दाराआड पुस्तक घेऊन उभी, आणि मधे उंबऱ्यावर सासूबाई. मी वाचलेलं मामाजींना स्वच्छ ऐकू जायचं, तरी सासूबाई पुन्हा सांगेपर्यंत ते मान हलवायचे नाहीत. त्यांचा प्रश्न मला ऐकू यायचा, तरी सासूबाई वळून तो मला विचारायच्या. त्यात त्या पदरचंही घालायच्या. मी धूळ जाऊ देऊ नका म्हटलं की त्या सांगायच्या, धूळ जाऊ देऊ नका म्हणते, आणि भर उन्हात पाळीवर बसू नका म्हणते. मी आतून पदर तोंडाला लावून हसायची.

तास मोजायचं कामही माझ्याकडे होतं. इंजिनाची टुकटुक घरापर्यंत ऐकू यायची. ती सुरू झाली की भिंतीवरचं घड्याळ पाहायचं, थांबली की पुन्हा पाहायचं, आणि चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं तासाला एक रेघ ओढायची. भात वेळताना, भाकर थापताना माझा अर्धा जीव कानात. आवाज जरासा बदलला की मी थापणं सोडून दाराशी जायची. एकदा टुकटुक अचानक थांबली तेव्हा मी हातातला कालथा टाकून परसापर्यंत धावले होते. मामाजी फक्त पान खायला थांबले होते.

एकोणतीस-तीस तास झाले असतील तेव्हा मामाजींनी सळई काढून पाहिली आणि तेल चांगलंच आहे, कायले फेकायचं, असं सासूबाईंना विचारलं. मी आतून निक्षून सांगितलं की पन्नास म्हणजे पन्नास, अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही. पुस्तकाचं नाव घेतल्यावर मामाजींनी सळई पुन्हा आत घातली. अक्षर न आलेल्या माणसाला छापील गोष्टीबद्दल जो आदर असतो तो त्यांच्यात पुरेपूर होता. माझी ही ठाम भाषा पुढे माझ्याच गळ्याशी येणार होती.

पोळा आला तेव्हा बारा दिवस पाऊस नव्हता. वरच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, भेगा पडायला लागल्या होत्या, आणि भिंतीवर एकेचाळीस रेघा झाल्या होत्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना पळसाच्या पानानं कोमट तूप-हळद चोळायची आणि त्या वेळेपासून पोळा होईपर्यंत त्यांच्याकडून काम घ्यायचं नाही. मामाजींनी जाहीर केलं की इंजिनालाही सुट्टी. शेजारच्यांनी हसून सांगून पाहिलं की लोखंडाला कसला आला पोळा, धान वाळून जाईल. पण मामाजी ऐकेनात. घरचे दोन बैल उभे राहणार आणि तिसरा राबणार, हे त्यांना पटत नव्हतं.

त्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून झाले आणि वाटीत तूप-हळद उरली. मामाजी बैल घेऊन गोठ्यात गेले तशी सासूबाईंनी मला खुणेनं बोलावलं. आम्ही दोघी बोडीवर गेलो. मला वाटलं, इंजिनाला टिळा लावतील. त्यांनी टिळा लावला, मोठ्या चाकाला बोटभर तूप चोळलं, आणि मग जिथून मामाजींना तेल ओतताना त्यांनी पाहिलं होतं ते झाकण फिरवून काढलं. मी काही म्हणेपर्यंत वाटी तिरपी झाली होती.

"याचा खांदा आतच असन ना," त्या म्हणाल्या. "याले काहून उपाशी ठेवाव?"

त्यांच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मला त्यांना टोकवेना. मी काय केलं? झाकण घेतलं आणि घट्ट बसवलं. धुळीचा कण आत जाऊ नये म्हणून ज्या हातांनी महिनाभर जपलं, त्याच हातांनी मी वाटीभर हळदीवर झाकण लावलं. आजही ते आठवलं की मला स्वतःची चीड येते.

पोळ्याचा दिवस कसा गेला ते मलाच ठाऊक. बाहेर तोरणाखाली बैल उभे होते, घराघरांतून तळणाचा वास येत होता, आणि मी पुस्तक उघडून बसले होते. त्यात चुकीचं तेल घातल्यास काय होतं ते होतं, पाणी गेल्यास काय होतं ते होतं, माती गेल्यास काय होतं तेही होतं. तुपाचं कोणी लिहिलं नव्हतं, कारण असं कोणी करील हे लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसावं. मी मातीच्या जागी हळद धरून वाचलं. बारीक वाटा बंद होतात, तेल वर चढत नाही, आतले भाग कोरडे घासतात आणि इंजिन जाम होतं. एकदा सुरू केलं की संपलं, एवढं मला कळलं. नवऱ्याला कळवावं तर गावात फोन नव्हता आणि शनिवार तीन दिवसांवर होता.

संध्याकाळी मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना आधी खरंच वाटेना, मग त्या घाबरल्या. मामाजी कोणाच्या अंगावर हात टाकणारे नव्हते, पण रागावले की सासूबाईंवर असे ओरडायचे की समोरच्या घरातली माणसं दारात येत. सासूबाईंनी माझा हात धरून एवढंच म्हटलं की त्यायले सांगू नको. मी म्हटलं, नाही सांगत. आणि रात्रभर विचार करून मी एक युक्ती काढली. पन्नास तास भरले असं सांगायचं. मग तेल आपोआप बदलेल, हळद निघून जाईल, आणि कोणाला काही कळणार नाही. भिंतीवर मी नऊ रेघा वाढवल्यासुद्धा.

सकाळी मामाजींनी खुंटीवरचं इंजिनाचं हँडल काढलं. सासूबाई उंबऱ्यावर आल्या आणि ठरल्याप्रमाणे बोलल्या की पन्नास झाले म्हणते, आज आधी तेल बदला म्हणते.

मामाजी थांबले. परवा एकेचाळीस होते, हे त्यांना तोंडपाठ होतं.

"उभ्या इंजिनचे तास कसे वाढले, विचार तिले," ते म्हणाले.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत इतकी भीती होती की मला पुढचं खोटं सुचेना. मी हळूच म्हटलं की खरं सांगून टाका. त्या तशाच उभ्या राहिल्या. मामाजींनी जरा वाट पाहिली. मग पन्नास म्हणजे पन्नास, पुस्तकातच लिहिलं आहे, असं पुटपुटत ते अंगण ओलांडून गेलेही. माझंच वाक्य ते माझ्यासमोर घेऊन चालले होते.

मी उभी होते. मधे सासूबाई, पलीकडे मामाजींची पाठ. निरोप नेणारं माणूसच गप्प झालं तर निरोप कसा पोचवायचा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. बोडी काही लांब नाही. त्यांनी हँडल आसाला लावून एक फेरा दिला की वरच्या बांध्यांचं पाणी गेलं, वर्षाचं धान गेलं, आणि नवं इंजिन लोखंडाच्या भावात गेलं. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि धावले. बांधावरून सून धावते आहे हे पाहून निंदणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. मी पोचले तेव्हा मामाजींनी हँडल लावून पाय रोवले होते.

"मामाजी, हँडल नका मारू," मी म्हणाले. "इंजिनमंधी तूप-हळद गेली हाये."

सहा महिन्यांत मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हँडल तसंच धरून ते बोडीच्या पाण्याकडे पाहत राहिले. मला वाटत होतं की आता ओरडतील, आता ओरडतील.

"कोणं टाकली?"

"मी."

ते अर्धं खरं होतं. झाकण मीच लावलं होतं. मामाजींनी घराच्या दिशेनं एकदा मान वळवली, हँडल काढून चौथऱ्यावर ठेवलं, आणि तितक्याच शांतपणे मला विचारलं की आता हे बाहेर कसं काढाव. मी पुस्तकातलं सांगितलं. खालचा नट काढायचा, सगळं तेल निथळू द्यायचं, मग थोडं नवं ओतून तेही सोडून द्यायचं, आणि मग भरायचं. मी घरून डबा आणला. त्यांनी नट सैल केला आणि खाली घमेलं धरलं. आधी पिवळा लगदा पडला, तुपाचा आणि हळदीचा. इंजिन दोन रात्री उभं होतं म्हणून सगळं तळाला बसलं होतं. मग काळं तेल आलं, आणि त्यात उन्हात चमकणारी लोखंडाची पूड. मामाजींनी ती बोटावर घेऊन बराच वेळ पाहिली. पुस्तक खरं बोलते, म्हणाले.

नवं तेल भरून झाल्यावर त्यांनी हँडल मारलं. पहिल्यांदा लागलं नाही. दुसऱ्यांदा धूर आला आणि बंद पडलं. तिसऱ्यांदा टुकटुक सुरू झाली, आणि मी पाइपाच्या तोंडाकडे पाहत राहिले. पाणी बांधीत पडलं तशी मी पाळीवरच बसले आणि रडले. मामाजी पाठ करून उभे होते.

ते कोणावरही ओरडले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. संध्याकाळी ओसरीवरून त्यांनी नेहमीसारखा आवाज दिला, पण या वेळी मला.

"सूनबाई, पुढचं तेल कधी?"

मी आतूनच उत्तर दिलं. सासूबाई निरोप न्यायला उंबऱ्याकडे निघाल्या होत्या, त्या अर्ध्यातून परत आल्या. मग रोजच तसं होऊ लागलं. तास, डिझेल, बांध्यांचं पाणी, सगळं मामाजी थेट मला विचारत. मला मोठा मान वाटत होता. आपण घर वाचवलं, सासूबाईंनाही वाचवलं, असंच मी धरून चालले होते.

पंधरा दिवस झाले असतील. आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. सासूबाई सुपातून नजर न उचलता म्हणाल्या, "तू माझं नाव सांगतलं असतं तरी चाललं असतं."

मी म्हटलं, ते किती ओरडले असते तुम्हाला.

"वरडले असते," त्या म्हणाल्या. "पण माझ्याशी बोलले तरी असते. तुहे निरोप होते तवरच बोलले. तुह्या इंजिनच्या आधी तरी कुठं बोलत होते?"