मांडे करताना मोजलेली पावलं

आमच्या संस्थेच्या कार्यालयात मनगटी पट्टे वाटले, त्या दिवसापासून मला त्या आरोग्य उपक्रमाचा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. जळगावच्या चैत्रात सकाळी मैदानावर जमून हात वर करायचे, पाय झाडायचे आणि मग दिवसरात्र तो काळा पट्टा घालून हिंडायचं. पट्टा पावलं मोजून फोनला सांगायचा आणि फोन पुण्याहून नेमलेल्या एका मुलीला. ती रोज ग्रुपवर तक्ता टाकायची. सहभाग चांगला असेल तर नाव हिरव्यात, नाहीतर लालमध्ये. पट्टा काढला की लगेच निरोप, ‘ताई, आज स्वतःसाठी वेळ काढला नाहीत का?’ माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

मी कायम लाल. पहाटे मी मैदानावर नसायचे, पट्टा काढून खापरासमोर असायचे. लग्नसराईत आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी आणि माझी मोठी जाऊ मांड्यांच्या ऑर्डरी घेतो. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवर तापलेल्या उपड्या खापरावर अलगद टाकायचा. कार्यालयात हे कुणाला ठाऊक नव्हतं. कंत्राटी माणसाने दुसरं काम करायचं नाही अशी अट होती, आणि माझा करार महिनाअखेरीला संपत होता. माझी मुलगी धुळ्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. करार वाढला नाही तर तिला घरी आणावं लागलं असतं.

साहेबांनी बोलावून तक्ता दाखवला. म्हणाले, “करार वाढवताना हेही बघितलं जाणार आहे.” व्यायाम ऐच्छिक आहे, असंही तेच म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी मी पट्टा न काढता चुलीपुढे बसले.

जाऊ म्हणाली, “ते घड्याय काढी ठेव ना माय, पीठ भरी जाई त्यामा.”

“काढी ठेवं तर नोकरी जाई,” मी म्हटलं.

संध्याकाळी मी हिरवी! हात झुलायचे तशी पट्ट्याला पावलं दिसायची. लग्नाची मोठी ऑर्डर होती त्या आठवड्यात तर मी पहिली आले. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. मैदानावर रोज घाम गाळणाऱ्यांना ते कसं पचणार? कुणीतरी तक्रार केली, पुण्याच्या मुलीने तपासलं आणि तिला दिसलं की मी एवढी चालले, पण माझा फोन जागचा हलला नाही.

खोलीत साहेब आणि ती पुण्याची मुलगी माझी वाट बघत बसले होते.

“पट्टा पंख्याला बांधला होता की कुत्र्याला?” साहेबांनी विचारलं. मुलगी हसली. तिचं ते हसू मी विसरलेले नाही.

फसवलं म्हणावं तर नोकरी जाणार, खरं सांगावं तरी जाणार. पण चोर म्हणवून घेऊन जायची माझी तयारी नव्हती. मी बाही वर सारली आणि खापराचे चटके दाखवले.

“मांडे करते, साहेब. दर आखाजीला तुमच्या घरी येतात ते माझेच. तुमच्या आई मागवतात.”

साहेबांनी चष्मा पुसला. मुलीने विचारलं, मांडे म्हणजे काय?

“म्हणजे तुम्ही दुसरं काम करता,” साहेब म्हणाले. मी सांगितलं त्यातलं तेवढंच त्यांना ऐकू आलं. महिनाअखेरीला करार वाढला नाही. पट्टा चार्जरसकट जमा करा, असा निरोप मात्र लगेच आला.

माझ्या मुलीला घरी आणलं नाही. मी आणि जावेने मिळेल ती ऑर्डर घेतली. रात्री दंड इतके ठणकायचे की कूस बदलवत नसे, आणि मी साहेबांना आणि त्या पुण्याच्या मुलीला मनातून शिव्या घालत पडून राहायचे.

आखाजीच्या आदल्या दिवशी साहेबांच्या आईचा फोन आला. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

“माय, सकायले मांडा धाडजो. तुना हातनाच पाहिजेत. आबासनी आगारी शे.”

आबा म्हणजे त्यांचे गेलेले यजमान, साहेबांचे वडील. आखाजीला त्यांच्या नावाने चुलीत आगारीचा नैवेद्य पडायचा होता.

“अक्का, साहेब आहेत का घरात?”

“आठेच शे तो.”

“द्या फोन त्यांना.”

साहेबांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. “ताई, तेवढं आईसाठी...”

“दुसरं काम मी आता करत नाही, साहेब. मला हे एकच उरलंय. आणि तुमच्या घरची ऑर्डर मी घेत नाही.”

मी फोन ठेवला. म्हातारीचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण परातीत पीठ होतं, पुरण होतं, चूल पेटलेली होती, आणि मी त्यांचे मांडे केले नाहीत.