शेवाळेकाकांनी निवडलेला प्रोसेसर

शेवाळेकाका गेल्याचा निरोप जुन्या कॉलनीच्या ग्रुपवर आला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की ही बातमी खरी कशावरून? हे वळण त्यांनीच लावलेलं. मी त्यांच्या घरी सुमनकाकूंना फोन केला. "खरं आहे गं," एवढंच त्या म्हणाल्या... त्याला आता दीड महिना होईल.

खडकीच्या कारखान्यात काका तपासणी खात्यात होते आणि माझे बाबा यंत्रावर. बाबांनी दिवसभर बनवलेला माल काका दुपारी नापास करायचे आणि संध्याकाळी दोघं आमच्या क्वार्टरच्या पायरीवर चहा प्यायचे. निवृत्तीनंतर काका धायरीला राहायला गेले, पण तपासणी काही सुटली नाही. दूध, सोसायटीची नोटीस, हवामानाचा अंदाज, त्यांना सगळ्याचाच संशय. बाबा गेल्यावर मात्र दर महिन्याला न चुकता माझ्याकडे यायचे, आणि आल्या आल्या दाराची कडी नीट लागते का ते बघायचे.

एकदा म्हणाले, "वैशाली, नवा कॉम्प्युटर घ्यायचाय. तयार नको. आत काय भरतात कोण जाणे. तू समोर जोडून दे." मी आयटीतली, त्यामुळे हे काम माझ्याकडे येणारच होतं. प्रश्न प्रोसेसरपाशी अडला. दोन कंपन्यांचे दोन होते. एक असा, की पाच-सहा वर्षांनी त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसवता आला असता. दुसरा व्हिडिओचं काम झपाट्यानं करणारा, पण त्याच्या बोर्डावर पुढे नवं काहीच बसणार नव्हतं. घरातला मिक्सर तीस वर्षं दुरुस्त करत वापरणाऱ्या माणसाला मी अर्थातच पहिला सुचवला.

"दुकानदार तुझ्या ओळखीचा आहे का?" काकांनी विचारलं.

"नाही हो, काका."

"विचारलं आपलं."

मग दोन महिने तुलना चालली. मी वेगाचे आकडे दाखवले, की हे मोजले कोणी, हा प्रश्न ठरलेला. शेवटी पहिलाच घ्यायचा असं ठरलं आणि आम्ही शनिवार पेठेतल्या दुकानात गेलो. तिथेही काकांनी दोन्ही खोक्यांची सीलं चष्मा कपाळावर सरकवून तपासली. "आजोबा, घ्यायचाय की परीक्षा घ्यायचीय?" दुकानदार हसून म्हणाला. काकांनी दुसरं खोकं त्याच्यापुढे सरकवलं. "हा द्या."

मी थक्क झाले. "काका, पाच वर्षांनी अडकाल."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

हे काकांचं वाक्यच नव्हे. मला वाटलं, कोणीतरी मधे बोललंय. दुकानदाराचं हसणंही मला खटकलं. दोन महिने मी घसा कोरडा केला आणि काकांनी परक्याचं ऐकलं... मी रागातच मशीन जोडून दिलं. त्यानंतर दोनदाच धायरीला गेले. दुसऱ्यांदा ते बरेच वाळलेले दिसले. "गोड सोडलंय," म्हणाले. मला ते खरं वाटलं नाही. पण मी विचारलंही नाही.

तेराव्याला काकूंनी सांगितलं. दुकानात जायच्या आठवडाभर आधी पोटातल्या गाठीचा रिपोर्ट आला होता. हातात सात-आठ महिने. काकांनी तीन डॉक्टर केले, तिसऱ्यानंतर म्हणाले, "तिघांचं जुळतंय." क्वार्टर्समधली माणसं पूर्वी हौसेनं नाटकं बसवायची, त्याचं चित्रण काकांकडे होतं. ते साफ करून एकेका घराला त्यांच्या माणसाचं द्यायचं होतं. जुन्या कॉम्प्युटरवर एका नाटकाला दोन-दोन दिवस लागत.

"मला तरी सांगायचं," मी म्हणाले.

"मी म्हटलं तसं. तर म्हणाले, ती रडत बसेल, मग स्क्रू कोण आवळणार?"

काकू मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. मशीन सुरू केलं. पडद्यावर आडनावांचे फोल्डर ओळीनं होते, एकही अर्धा नव्हता. मी आमचा, 'देशमुख' उघडला. नाटकाची तालीम दिसली. बाबा, खोट्या मिशीत, माझ्या आताच्या वयापेक्षाही लहान. त्यांनी एक वाक्य म्हटलं. कॅमेऱ्यामागून काकांचा आवाज आला, "देशमुख, पुन्हा. अजून पटत नाही."

बाबांनी मिशी सारखी केली आणि वाक्य पहिल्यापासून म्हटलं.