झिपऱ्या आला म्हणजे

मास्तर म्हणजे कोट शिवणारे मास्तर. बायकोला दमा, म्हणून घरात कुत्र्याचं नाव काढायचं नाही, असं ते पंधरा वर्षं बजावत होते. शेवटी बाईंनीच शोध लावला: पूडल-मिक्स जातीचं कुत्रं, केस फारसे गळत नाहीत. पाच पिल्लांतून त्यांनी नेमकं सगळ्यात गबाळं उचललं. "हाच. झिपऱ्या!"

"मला विचारलंस का?"

"तुम्हाला विचारून आजवर काय केलंय मी?" संपला विषय.

पुढे बाई विसरायला लागल्या. आधी गॅसवरचं दूध, मग घरचा रस्ता, मग मुलगी, मग खुद्द मास्तर. पण झिपऱ्या कुशीत शिरला, बोटं त्याच्या कुरळ्या केसांत रुतली, की चेहरा उजळायचा. "झिपऱ्या आला! म्हणजे तुम्ही पण आलात." मास्तर दिवसातून दोनदा हे ऐकायचे आणि तेवढ्यावर जगायचे.

म्हणून त्यांनी झिपऱ्याचे केस कापणंच बंद केलं. दर दीड महिन्यानं कापून घ्या, असं कुत्र्यांचे केस कापणाऱ्या मुलीनं सांगितलं होतं. पण कापले आणि हिनं ओळखलंच नाही तर? एवढी छाती कुणाची! त्याऐवजी ते रोज ब्रश फिरवायचे, तोही कपड्यांचा, कोटावरून फिरवतात तसा वरच्यावर. झिपऱ्या दिसायचा झकास. अहो, पण सुटलेला केस खाली पडत नाही, आतच अडकतो! जन्मभर दुसऱ्यांच्या कोटाचं अस्तर उलटून बघणाऱ्या माणसानं इथे एकदाही आत बोट घालून बघितलं नाही. काय म्हणावं या माणसाला!

मग झिपऱ्या लंगडायला लागला, हात लावला की केकाटायला लागला. केस कापणाऱ्या त्या मुलीनं वरचे केस बाजूला करून दाखवले. काखेत, पोटाखाली केस गुंतून घोंगडीसारखा घट्ट नमदा झालेला, खालची कातडी लाल, ओली.

"आजोबा, हे विंचरून सुटणार नाही. सगळंच काढावं लागेल."

"पाठीवर तरी ठेव गं थोडे. हात फिरवण्यापुरते."

"पाठीवरही तेच आहे हो. किती दुखत असेल त्याला! येतील परत तीन-चार महिन्यांत."

तीन-चार महिने! इथे उद्याचा भरवसा नव्हता. पण झिपऱ्या कण्हत होता. मास्तरांनी मान हलवली आणि तोंड फिरवून उभे राहिले.

दुपारी दोघं घरी आले. झिपऱ्या नेहमीसारखा कुशीत शिरला. बाईंचा हात त्याच्या उघड्या पाठीवरून फिरला, थांबला, मागे आला.

"अगं बाई! कुणाचं हो हे कुत्रं?"

"आपला झिपऱ्या गं," मास्तर कसंबसं म्हणाले.

"काहीतरीच तुमचं!" बाई हसल्या. पाहुण्यांशी हसतात तसं. "आमच्या झिपऱ्याला चांगले केस आहेत. उभे का तुम्ही? बसा ना. आमचे हे येतीलच एवढ्यात त्याला घेऊन."

मास्तर खुर्चीच्या कडेवर टेकले.