जांभळ्याचं पांढरं होणारं झुडूप

पडद्यांच्या दुकानामागच्या खोलीत ती शिलाई करायची. कापड कितीही सुळसुळीत असो, तिची टीप कधी वाकडी गेली नाही, म्हणून दुकानात तिचं नावच 'सरळरेघ' पडलं होतं. घरी ती आणि तिची आई. लग्न राहूनच गेलं. त्याचं दुःख करायला तिला सवडच मिळाली नाही.

शेवटच्या वर्षात आईला भ्रम झालाय, असं तिनं गृहीतच धरलं. कारणही तसंच होतं. बागेतून फिरून आली की आई सांगायची, तिथं एका झुडपाला जांभळी फुलं येतात आणि तीच पुढे पांढरी होतात. त्याच्याजवळच्या बाकावर धाकटी येऊन बसते, मला ताई म्हणते. धाकटी म्हणजे आईची बहीण. ती लहानपणीच तापानं गेली होती. ऐकून लेक घाबरली आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, आता एकटीला बाहेर सोडू नका. मग दुकानात जाताना ती बाहेरून कुलूप लावू लागली.

"ती वाट बघत बसेल गं," आई म्हणायची.

"आई, तिथं कुणी नाही."

थंडी सरायच्या आत आई गेली.

पुढे एकदा खिडक्यांची मापं घ्यायला जाताना तिनं बागेतून वाट काढली. गोडसर वास आला आणि तिचे पाय थबकले. समोरच्या झुडपावर एकाच फांदीला जांभळी, फिकट आणि पांढरी फुलं होती. दोन झुडपांच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या असतील, अशी तिनं मनाची समजूत घातली. पण मन काही मानेना. शेवटी ब्लाउजला चिकटलेला लाल दोरा काढून तिनं एका जांभळ्या फुलाच्या देठाला सैलसा बांधला. दुसऱ्या दिवशी दोऱ्यातलं फूल फिकट झालं होतं. तिसऱ्या दिवशी पांढरंफटक.

खाली पडलेलं एक फूल घेऊन तिनं रोपवाटिका गाठली. मालकानं नीट पाहिलंही नाही. हे 'काल-आज-उद्या', तो म्हणाला. उमलतं जांभळं, जातं पांढरं. रोप हवंय का, असं त्यानं दोनदा विचारलं. फूल खरं असेल, तर बाकावरची बाई?

त्यानंतर दुपारच्या सुट्टीत ती त्या बाकावर जाऊन बसू लागली. कोणी येईल याची भीती वाटायची, कोणी येणार नाही याचीही. एके दिवशी काठी टेकत एक बारकीशी म्हातारी आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, इथं एक ताई यायच्या, तुम्ही ओळखता का? त्यांची एक बहीण गेलेली, म्हणून त्या मला धाकटी म्हणायच्या.

"मी त्यांची मुलगी," ती कसंबसं म्हणाली. "आई गेली."

म्हातारीनं काठी बाकाला टेकवून ठेवली. मग म्हणाली, "मी आले होते हो घरी. बाहेरून कुलूप होतं. दाराआडून बोललो आम्ही."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, लेक कामावर गेलीय. तिला काही बोलू नकोस, ती घाबरते."

त्या दिवसापासून सरळरेघेची टीप वाकडी जाऊ लागली. दारावर थाप पडल्यासारखी वाटून ती मशीन मध्येच थांबवायची आणि कान द्यायची. दुकानमालक ओरडला की पुन्हा पाय चालवायची. दुपारी मात्र बागेत जाणं तिनं चुकवलं नाही. म्हातारी सांगायची, ताई नकला किती झकास करायच्या, हसवून हसवून डोळ्यांत कसं पाणी आणायच्या. ही आई तिनं घरात कधी पाहिलीच नव्हती.

एकदा धीर करून तिनं विचारलं, "आई माझ्यावर रागावली होती का हो?"

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं आणि भलतंच काहीतरी सांगायला सुरुवात केली. म्हातारीला ऐकू आलं नाही, की तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ते काही कळलं नाही.