कोकरांच्या रांगेत धाकटी

आमच्या धाकटीचं पोट चांगलं टरटरीत होतं आणि आईला त्याचा कोण अभिमान! विंझरच्या वर डोंगरात आमची पाच घरांची वस्ती. मेंढरं आणि शेळ्या, एवढंच आमचं जग. पोर दूध पिऊन बाळसं धरतेय, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि दृष्ट लागू नये म्हणून पोटावरच काजळाचा टिळा लावायची. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या, तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

धाकटी चार वर्षांची, मी नऊ-दहाची. ती माझ्या कडेवरच वाढली. पुढे पुढे ती खेळेना, चढ चढेना, बसल्या जागी पेंगायची. दृष्टच लागली, असं म्हणत आई रोज मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची. मला मात्र एक गुपित ठाऊक होतं. धाकटी माती खायची आणि ती माती मीच आणून द्यायची. वारुळाची मऊ माती तिला फार आवडे. आधी मी रागावले होते, पण ती इतकी काकुळतीला येऊन हात पुढे करायची की माझ्याच्यानं नाही म्हणवत नसे. ओच्यात ढेकळं लपवून आणायची आणि गोठ्यामागे बसून तिला भरवायची. मायाच ती, दुसरं काय!

एका सकाळी आबा, म्हणजे आमचे वडील, कोकरं तपासत होते. कोकरू गुडघ्यांत धरायचं, अंगठ्यानं खालची पापणी ओढायची. आत लाल दिसलं की सोडून द्यायचं. फिकं दिसलं तर पोटात जंत. मग त्याला पळसाच्या बियांची पूड. धाकटी शेजारी बसून सगळं बघत होती. शेवटचं कोकरू सुटलं तशी ती आबांच्या गुडघ्यांत शिरली आणि तोंड वर करून म्हणाली, "आता माजा डोळा बगा."

आबांनी हसत हसत पापणी ओढली आणि त्यांचं हसू मावळलं. "चुन्यावानी पांडरं हाय गं," ते आईला म्हणाले. आई म्हणाली, तुमचीच पूड द्या.

"कोकराचं माप ठावं हाय मला. लेकराचं न्हाई."

त्यांनी तिला खांद्यावर घेतलं आणि भोरची वाट धरली. मीही हट्टानं मागे निघाले. वाटेत एका देवळात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला.

कोकरांसारखा हिचाही डोळा पाहिला, असं आबांनी सांगितलं. डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं. "माती खाते का?"

"न्हाई जी," आबा म्हणाले.

मी दाराशी उभी. खरं सांगितलं तर आबा सोलून काढतील, नाही सांगितलं तर धाकटी हातची जाईल. मी रडतच बोलले, "खाती. म्याच देते."

डॉक्टर रागावले नाहीत. जंत रक्त खातात, रक्त कमी झालं की पोरांना माती खावीशी वाटते, आणि मातीतून पुन्हा जंत पोटात जातात, असं त्यांनी नीट समजावलं. मग आबांना म्हणाले, "कळपातला एकेक डोळा पाहतोस ना? घरातले कधी पाहणार?"

आबांनी मला जवळ ओढलं. मी माराच्या भीतीनं डोळे मिटले, तर त्यांनी माझी पापणी खाली केली.

"हिची बी फिकीच हाय जी," ते म्हणाले. "आन् म्या कवा बगितलंच न्हाई." आबांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दोघींनी डॉक्टरांनी दिलेलं घाणेरड्या वासाचं औषध घेतलं, वर एरंडेल. जंत पडले. धाकटी हळूहळू शेळ्यांमागे पळू लागली. तिचं पोट उतरलं तेव्हा पोर वाळली म्हणून आई डॉक्टरांवर रुसली, ती कितीतरी दिवस.

पुढे आम्ही दोघी सासरी गेलो. माहेरी आलो की आई भाकरतुकडा घेऊन यायच्या आत आबा दारात येऊन उभे. कडेवर लेकरं असली तरी आम्ही मुकाट्यानं तोंड वर करायचो. शेवटी शेवटी त्यांना काहीच दिसत नव्हतं. तरी चाचपत चाचपत ते धाकटीची पापणी ओढायचे, क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "लाल हाय. ये आत."