नुकसानभरपाईचे दावे आणि माझे पक्षकार

वकिलाच्या कपाटात फायली मावत नाहीत असं लोकांना वाटतं. फायली मावतात हो, किस्से मावत नाहीत! आणि माझे बहुतेक किस्से हरलेल्या दाव्यांचे आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

सन साठ-बासष्टपर्यंत पालघरच्या वकिलाला बांधाची भांडणं आणि भाऊबंदकी पुरायची. मग तारापूरकडे मोठं बांधकाम सुरू झालं. ट्रक आले, क्रेन आल्या, खडी फोडायची यंत्रं आली आणि माणसांचे हातपाय मोडायला लागले. मी तरुण, अंगात जोर! म्हटलं, कामगारांना त्यांचे हक्क मिळवून द्यायचे. माझे सीनियर नाना म्हणाले, "मिळव. पण आधी पक्षकारांना सांभाळ."

तेव्हा मी हसलो होतो.

* * *

पहिला पक्षकार सफाळ्याचा. भाताच्या गिरणीत पट्ट्यात हात सापडून मनगट कायमचं वाकडं झालेलं. पट्ट्याला जाळी नव्हती, म्हणजे मालकाची चूक उघड होती. मी आठवडाभर त्याच्याकडून साक्ष घोकून घेतली.

साक्षीच्या दिवशी गिरणीमालक समोरच्या बाकावर येऊन बसला. मी विचारलं, "अपघात कुणाच्या चुकीने झाला?"

"माज्याच."

मी कपाळाला हात लावला. बाहेर आल्यावर भडकलोच, "अरे, असं का बोललास?"

"शेट समोर बसलेले ना! माज्या पोरीच्या लग्नाला आलते. तोंडावर कसं बोलू?"

* * *

दुसरे आमच्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावचे एक कोळीबाबा. ट्रकच्या धक्क्याने पाय मोडला, होडीवर चढता येईना. मी बजावून सांगितलं, "बाबा, ज्याने उपचार केले त्याचं सर्टिफिकेट आणा. पाय अधू झाल्याचं त्यात लिहिलेलं हवं."

तारखेला बाबा एका पागोटेवाल्याला घेऊन हजर! "कागद नाय. वैद्यालाच आणलाय."

तो गावचा हाडवैद्य होता. मी नाइलाजाने त्याला साक्षीला उभं केलं. समोरच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "तुमच्या उपचाराने पाय बरा झाला नाही म्हणे?"

झालं! वैद्य पेटला. "कोन बोलतो नाय झाला? धाव रे, दाव यांना!"

आणि बाबा धावले! कोर्टाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दातओठ खात, वैद्याची लाज राखायला. पुढचे चार दिवस बिचारे अंथरुणातून उठले नाहीत. पण ते बघायला कोर्ट दांडीला थोडंच येतंय?

* * *

बोईसरच्या एका परांचीवरच्या साक्षीदाराचं तर नावच काढू नका. फळी कोसळली तेव्हा तिथे तो एकटाच हजर होता. माझा सगळा दावा त्याच्या दोन डोळ्यांवर उभा.

"फळी कशी पडली?"

"मालूम नहीं साहब."

"अरे, तू तिथेच होतास ना!"

"था साहब. पर गिरने लगी तो हमने आँखें बंद कर लीं!"

* * *

एवढं झाल्यावर नाना म्हणाले, "आणखी एक दावा हरलास तर बांधाच्या भांडणांकडे परत ये."

तो एक दावा होता जान्याचा. जान्या जव्हारकडचा. डोंगरउतारावर थोडी भातशेती, पाऊस संपला की बायकोला घेऊन बांधकामावर. खडीच्या यंत्रात त्याचा अंगठा गेला. "कापनीला भाताची मूठच धरता येत नाय, साहेब," एवढंच तो म्हणायचा. भरपाई मिळाली तर बैल घेऊन दुसऱ्यांची नांगरट करायची, नाहीतर बायकोच्या एकटीच्या मजुरीवर घर चालायचं. हा दावा हरायची मला खरोखर भीती वाटत होती.

सुनावणीला कंत्राटदाराच्या मुन्शीने ऐटीत एक कागद पुढे केला. 'भरपाई पूर्ण मिळाली, तक्रार नाही.' तारीख अपघातानंतर पंधरा दिवसांची. खाली रीतीप्रमाणे डाव्या अंगठ्याचा शाईचा ठसा, अगदी ठळक.

माझं डोकंच फिरलं. याआधी आणखी दोन पक्षकारांनी असेच ठसे देऊन दावे बुडवले होते. मी जान्याच्या कानाशी पुटपुटलो, "कितीदा सांगितलं, कुठल्या कागदावर ठसा द्यायचा नाही म्हणून!"

"मी नाय दिला, साहेब."

"सगळे असंच म्हणतात!"

मग उठून मी अर्धा तास बोललो. माणूस निरक्षर आहे, मजकूर वाचून दाखवलेला नाही, कामगाराचा कायद्याने मिळालेला हक्क अशा कागदाने बुडत नाही. घसा कोरडा पडला. भरपाईचे दावे ऐकणारे कमिशनरसाहेब कंटाळून म्हणाले, "वकीलसाहेब, पुरे. ताजा ठसा घ्या, ताडून बघू."

मुन्शी सराईत. शाईचा पॅड उघडून त्याने जान्याकडे न बघताच त्याचा डावा हात ओढला, त्यावर गुंडाळलेलं फडकं बाजूला केलं आणि तसाच उभा राहिला. साहेब चष्मा काढून बघायला लागले. मीही बघायला लागलो.

त्या हाताला चारच बोटं होती.

शाईचा पॅड तसाच उघडा राहिला, तेव्हा जान्याला वाटलं, आपल्यामुळे सगळ्यांचं काम अडलं. तो ओशाळून म्हणाला, "तो तं खडीत गेला, साहेब. उजव्या हाताचा चालंल काय?"