अल्फियाच्या ओट्यावरचा गट

मंडळी, आज शिस्तीच्या नादात मी तीन पोरांची तोंडं बंद केली.

आमच्या दर्यापूरच्या शाळेच्या ॲपवर चर्चेचे गट मीच सांभाळते. सकाळी लक्षात आलं, आठवीच्या विज्ञान गटात रोज भराभर उत्तरं देणारी अल्फिया सहावीतली आहे. सहावीची पोर आठवीत काय करते? दिलं काढून. नियम म्हणजे नियम.

दुपारी प्रश्न टाकला, तर गट गपगार. सारी बडबड तिच्याच नावावर चालायची, हे तेव्हा कळलं.

संध्याकाळी अल्फियाच्या आईचा फोन आला.

"मॅडम, पोरीले काहून काढलं? आमच्या गल्लीत एकच फोन चालू हाय. पायल, गौरी अन् सोनू आमच्याच ओट्यावर बसून अभ्यास करून राहिले. नाव अल्फियाचं दिसते, पण बोलतात तुमचे आठवीचेच."

यंदा बोंडअळीनं कापूस नेला, तसे घरोघरचे रिचार्ज बंद पडले. हे मला माहीत होतं. गट पाडताना मात्र मी फक्त हजेरीपट पाहिला.

तर आता इयत्तेचे गट मोडून ओट्यांचे गट केले आहेत, म्हणजे एका फोनवर बसणारी पोरं एका गटात. तुमच्या शाळेत कसे पाडता, जरूर सांगा.

पहिल्या गटाला अल्फियाचं नाव दिलं आणि विचारलं, "कोण कोण आहे?"

लगेच उत्तर आलं, "आमी सारे आहो मॅडम. अन् अल्फियाले बी एखादा प्रश्न टाका. ती तर नुसती फोन धरून बसते."